शंभर मण्यांची माळ

वाटाड्या सोबत नसताना अनोळखी डोंगरात आपण नेमके कोठे उभे आहोत हे कसे ओळखावे, हा प्रश्न माणूस पायी प्रवास करू लागला तेव्हापासूनचा आहे. अलीकडच्या काळात उपग्रहांनी त्याचे उत्तर फार सोपे करून टाकले. अमेरिकेने या कामासाठीचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला, १९९५ साली ती योजना पूर्णत्वास गेली, आणि सामान्यजनांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता मे २००० मध्ये दूर करण्यात आली. तेव्हापासून मुठीत मावणारे यंत्र माणसाला त्याची जागा काही मीटरांच्या फरकाने सांगू लागले. आमच्या धर्मग्रामांतील तरुण मंडळी पावसाळ्यात गडकिल्ल्यांवर जातात तेव्हा त्यांच्या खिशातही ते असतेच.

परंतु हा संदेश सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून येतो आणि पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. त्याला मोकळे आकाश लागते. सह्याद्रीतील अरुंद घळीत, उभ्या कड्याच्या कुशीत, ओल्या दाट रानात तो तुटतो किंवा कड्यावर आपटून चुकीची जागा दाखवितो. म्हणून आकाशाकडे न पाहता चालणाऱ्याला वाट सांगेल असे हातातले साधन घडविता येईल काय, या प्रश्नावर आज अनेक देशांतील अभियंते काम करीत आहेत. प्रश्न आधुनिक वाटला तरी त्याची वंशावळ जुनी आहे. त्या वंशावळीत यात्रेकरू आहेत, मठवासी आहेत, येशूसंघाचे फादर आहेत आणि कुमाऊँच्या डोंगरातला एक शाळामास्तरही आहे. ती थोडक्यात वाचकांपुढे ठेवावी, असा आमचा हेतू आहे.

आकाशाची मदत नसेल तर चालणाऱ्याजवळ तीनच गोष्टी उरतात: कोणत्या दिशेने चाललो, किती चाललो आणि किती चढलो वा उतरलो. निघालो ती जागा ठाऊक असेल तर या तिन्हींची बेरीज करून आताची जागा काढता येते. समुद्रावरचे तांडेल हीच रीत वापरीत आले. या रीतीत एक मोठी खोट आहे. प्रत्येक मोजमापात थोडी चूक असते आणि ती पुढच्या मोजमापात मिसळत जाते. दिशा केवळ पाच अंशांनी चुकली तरी दहा किलोमीटर चालून गेल्यावर माणूस आपल्या जागेपासून सुमारे पावणेनऊशे मीटर दूर असतो. डोंगरात तेवढ्या अंतरात एक अख्खी दरी मावते. म्हणून अशा साधनाचा इतिहास हा बव्हंशी चूक कशी आवरावी याचाच इतिहास आहे.

दिशेपासून आरंभ करू. चुंबकाची सुई चिनी लोकांना युरोपच्या आधीपासून ठाऊक होती. युरोपात तिचे पहिले व्यवस्थित शास्त्रीय वर्णन एका पत्रात आढळते. ८ ऑगस्ट १२६९ रोजी इटलीतील लुचेरा नगराला वेढा पडला असताना त्या छावणीतून पेट्रुस पेरेग्रिनुस नावाच्या फ्रेंच विद्वानाने ते आपल्या मित्राला लिहिले. पाण्यावर तरंगणारे आणि टोकावर फिरणारे अशी दोन होकायंत्रे त्याने त्यात वर्णिली आणि वर्तुळाचे ३६० भाग पाडून दिशा अंशांत कशी वाचावी हे सांगितले. ‘पेरेग्रिनुस’ या शब्दाचा अर्थच यात्रेकरू.

पुढे सव्वादोनशे वर्षांनी ही सुई खऱ्याखुऱ्या यात्रेकरूंच्या हाती आली. इ. स. १५०० हे ज्युबिली वर्ष होते आणि उत्तरेकडील देशांतून असंख्य भाविक पायी रोमला निघणार होते. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे होकायंत्रे आणि खिशातली सूर्यघड्याळे बनविणाऱ्या कारागिरांचे नगर होते. त्यांच्यापैकी एर्हार्ड एट्झलाउब याने या यात्रेकरूंसाठी एकपानी नकाशा तयार केला. ‘हा रोमचा मार्ग’ अशा अर्थाचे त्याचे नाव होते. लाकडी ठशावरून छापलेल्या या नकाशावर रस्ते सलग रेषांनी न दाखविता ठिपक्यांनी दाखविले होते, आणि लगतच्या दोन ठिपक्यांमधील अंतर एक जर्मन मैल, म्हणजे सुमारे साडेसात किलोमीटर होते. ठिपके मोजले की दोन गावांतील अंतर निरक्षरालाही कळावे, ही योजना. नकाशात दक्षिण वर होती, कारण रोमला जाणाऱ्याचे तोंड दक्षिणेकडेच असणार! तळाशी होकायंत्राचे चित्र होते आणि खरे होकायंत्र कागदावर ठेवून नकाशा दिशेला कसा लावावा याची सूचना होती. चुंबकाची सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळते हे न्यूरेंबर्गच्या कारागिरांना ठाऊक होते आणि त्या ढळण्याची खूण ते आपल्या यंत्रांवर करीत. दिशा, अंतर आणि चुकीची दुरुस्ती या तिन्ही गोष्टी एका गरीब यात्रेकरूच्या झोळीत मावल्या होत्या. २०२५ च्या ज्युबिली वर्षात विमानाने रोमला जाऊन आलेल्या आमच्या वाचकांनी त्या पूर्वसुरींचे स्मरण करावे.

आता अंतराकडे वळू. ‘मैल’ हा शब्दच पावलांतून जन्मला. रोमन सैनिकांची एक हजार दुहेरी पावले म्हणजे एक मैल. हिंदुस्थानात या विषयाची एक मनोरंजक नोंद येशूसंघाच्या एका फादरांनी करून ठेवली आहे. १७ नोव्हेंबर १५७९ रोजी अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून तीन येशूसंघीय गोव्याहून निघाले. त्यांचे प्रमुख रोदोल्फो अक्वाविवा. हेच पुढे १५८३ साली कुंकळ्ळी येथे हुतात्मा झाले. त्यांच्यासोबत फ्रान्सिस्को एन्रिकेस आणि कातालोनियाचे आंतोनी मोन्सेरात होते. मोन्सेरात वाटेतल्या ठिकाणांचे अक्षांश मोजीत गेले, आणि १५८१ साली बादशहाची फौज काबूलकडे निघाली तेव्हा तेही तिच्याबरोबर होते. बादशहाच्या आज्ञेवरून त्याच्या डेऱ्यापासून पुढचा रस्ता दहा फुटी काठ्यांनी मोजला जाई, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. अशा मोजणीच्या आणि स्वतः घेतलेल्या अक्षांशांच्या आधारे त्यांनी उत्तर हिंदुस्थानाचा एक छोटा नकाशा काढला. हिमालयाची रांग दाखविणाऱ्या आरंभीच्या युरोपीय नकाशांत त्याची गणना होते. त्यांचे लॅटिन हस्तलिखित मात्र शतकानुशतके विस्मृतीत राहिले आणि १९०६ साली कलकत्त्यात सापडले.

बादशहाजवळ काठ्या घेऊन चालणारी माणसे होती. एकट्यादुकट्या प्रवाशाने काय करावे? १६६१ साली हा प्रश्न दोन येशूसंघीयांपुढे उभा राहिला. ऑस्ट्रियाचे योहान ग्रुबर आणि बेल्जियमचे आल्बेर द’ओरव्हिल यांना पेकिंगहून युरोपला परतायचे होते. डच आरमारामुळे समुद्रमार्ग धोक्याचा झाला होता, म्हणून त्यांनी पायवाट धरली. एप्रिल १६६१ मध्ये निघून चीनचा पश्चिम सीमाप्रदेश आणि तिबेटचे पठार ओलांडून ते ऑक्टोबरात ल्हासाला पोहोचले आणि नेपाळमार्गे १६६२ च्या वसंतात आग्र्याला उतरले. त्यांच्याजवळ ॲस्ट्रोलेब होते. सूर्य माध्यान्ही आला की ते त्याची उंची मोजीत आणि अक्षांश काढीत. त्यांनी दिलेला ल्हासाचा अक्षांश आजच्या आकड्यापेक्षा सुमारे अर्ध्या अंशाने कमी भरतो. जमिनीवर हा फरक साठ किलोमीटरच्या घरात जातो. तरीही हातातल्या पितळी चकतीने, गोठलेल्या बोटांनी केलेले ते काम होते, आणि अथानासियुस किर्खर यांच्या १६६७ मधील ग्रंथातून ते युरोपला कळले. द’ओरव्हिल यांना ते पाहता आले नाही. प्रवासाने खचलेला त्यांचा देह आग्र्याला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, एप्रिल १६६२ मध्ये, विसावला. अक्षांशांच्या त्या चार-दोन ओळींची किंमत त्यांनी अशी चुकविली.

याच ल्हासाकडे दोन शतकांनी एक हिंदी माणूस निघाला, आणि आमच्या मते हातातल्या मार्गदर्शक साधनाचा खरा कळस त्याच्या हाती होता. कुमाऊँमधील मिलाम गावचे नैनसिंह रावत हे शाळामास्तर होते, म्हणून त्यांना ‘पंडित’ म्हणत. तिबेटात परकीयांना प्रवेश नव्हता. तेव्हा सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन माँटगोमेरी यांनी सीमेवरच्या माणसांनाच मोजणी शिकवून धाडण्याची योजना आखली. १८६३ पासून नैनसिंहांना डेहराडूनला शिक्षण मिळाले. चढ असो, उतार असो, वाळू असो, पाऊल एकाच मापाचे पडले पाहिजे, हा त्यातला मुख्य धडा होता. मैलाला सुमारे दोन हजार पावले, हे त्यांचे माप पक्के झाले.

पावले मोजण्यासाठी त्यांच्या हाती बौद्ध जपमाळ होती. खऱ्या माळेत १०८ मणी असतात. या माळेत शंभरच होते. दर दहावा मणी मोठा होता, आपल्या रोझरीच्या दशकांची आठवण व्हावी असा. शंभर पावले झाली की एक मणी सरकायचा. माळ पूर्ण झाली की दहा हजार पावले, म्हणजे सुमारे पाच मैल. दुसऱ्या हातात प्रार्थनाचक्र. त्याच्या पोटात मंत्रांच्या गुंडाळीऐवजी दिशांच्या आणि पावलांच्या नोंदींचे कागद असत. सामानात लपविलेला सेक्स्टंट, कवड्यांत भरून नेलेला पारा आणि उंचीसाठी तापमापक. उंचावर हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळते. सुमारे तीनशे मीटर चढले की उकळण्याचे तापमान एका सेल्सिअस अंशाने उतरते. चहाचे भांडे हेच उंचीमापक झाले! कोणी बोलायला जवळ आला की पंडित चक्र फिरवून जपात गढल्यासारखे करीत, आणि येणारा आदराने बाजूला होई.

जानेवारी १८६६ मध्ये नैनसिंह ल्हासाला पोहोचले आणि ऑक्टोबरात हिंदुस्थानात परतले. सुमारे १२०० मैलांच्या वाटेची नोंद त्यांनी पावलांनी केली होती. ल्हासाची उंची काही शे फुटांनी कमी भरली, परंतु त्यांचा अक्षांश आजच्या अक्षांशाशी अगदी थोड्या फरकाने जुळतो. हे कसे साधले? नैनसिंहांचे पाऊलही कधीतरी आखूड पडले असेल, मणी चुकला असेल. पण ते केवळ पावलांवर विसंबले नाहीत. मुक्काम पडला की रात्री गुपचूप पाऱ्याच्या थाळीत ताऱ्याचे प्रतिबिंब पाहून ते अक्षांश घेत. त्यामुळे दिवसाच्या चालीत साचलेली चूक मुक्कामाच्या जागी पकडली जाई आणि मागच्या सगळ्या पावलांची फेरमांडणी करता येई. त्यांचे नातलग किशनसिंह १८७८ ते १८८२ या काळात असेच फिरले. एका टप्प्यात त्यांना घोड्यावर बसणे भाग पडले, तेव्हा त्यांनी घोड्याच्या पुढच्या उजव्या पायाची पावले मोजली. माप बदलले, पण मोजणीचा नेम सुटला नाही. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्रॉफिकल सोसायटीने नैनसिंहांना सुवर्णपदक दिले.

येथे एक अप्रिय गोष्टही नमूद केली पाहिजे. ही माळ जपासाठी नव्हती. भाविकाचा वेष घेऊन, भाविकांच्या विश्वासाच्या आडोशाने हे काम चालले होते, आणि त्याचा लाभ साम्राज्याला होणार होता. त्याची किंमतही कोणीतरी मोजली. पुढे याच कामासाठी शरच्चंद्र दास तिबेटात गेले असता सेंगचेन लामा यांनी त्यांना विद्वान अतिथी समजून आश्रय दिला. दास कोण होते हे उघडकीस आल्यावर, १८८७ साली, त्या लामांना नदीत बुडवून मृत्युदंड देण्यात आला. नैनसिंहांच्या शौर्याला आम्ही वंदन करतो; परंतु जपमाळ रोज हाती घेणाऱ्या आम्हा लोकांना त्या निरपराध यजमानाचा विसर पडू नये. कोणतेही साधन केवळ अचूक आहे म्हणून निर्दोष ठरत नाही.

उंची मोजण्याच्या शास्त्राचा उगमही एका मठाच्या बागेशी जोडलेला आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्काल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे पेरिए यांनी फ्रान्समधील प्यूय द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेली. शिखरावर पारा सुमारे तीन इंचांनी उतरला. पण तो उंचीमुळेच उतरला, हवामान पालटल्यामुळे नव्हे, हे कशावरून? त्यासाठी तशीच दुसरी नळी पायथ्याच्या गावी मिनिम संघाच्या मठात ठेवली होती आणि मठातील फादर शास्तां दिवसभर तिच्यावर नजर ठेवून होते. तिच्यातला पारा जागचा हलला नाही. शिखरावर जाणाऱ्यांचे नाव झाले; तथापि मठात राहिलेल्या फादरांची साक्ष नसती तर त्या चढणीला अर्थ उरला नसता.

आता आजच्या अभियंत्याकडे येऊ. त्याच्यापुढील साहित्य पाहिले तर जुनीच मंडळी नव्या वेषात दिसतात. होकायंत्राची सुई गेली आणि चुंबकक्षेत्र मोजणारा कण आला. पाऱ्याची नळी जाऊन दाब मोजणारी चकती आली. माळेचे काम, म्हणजे पावलांची मोजणी, वेगातील बदल टिपणारा कण करतो. सर्व मिळून नखाएवढ्या जागेत मावते. परंतु जुने दोषही सोबत आले आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाण लोहयुक्त आहे, त्यामुळे काही कड्यांपाशी सुई बहकते. पावसाळी वादळात हवेचा दाब आपोआप घसरतो आणि जागेवर उभ्या माणसाला यंत्र ‘चढलास’ म्हणून सांगते. येथे फादर शास्तां यांच्यासारखा साक्षीदार हवा. म्हणून नकाशावर उंची दिलेल्या खिंडीत वा मंदिरापाशी पोहोचताच यंत्र पुन्हा लावून घ्यावे लागते.

सर्वांत उद्बोधक आहे ती पावलांची गोष्ट. वेगातील बदलाची बेरीज करून वेग आणि वेगाची बेरीज करून अंतर काढता येते. पण त्या कणाची चूक दर सेकंदाला वेगात केवळ एक सेंटीमीटरची भर घालणारी असली, तरी एका मिनिटात अठरा मीटरची आणि दहा मिनिटांत अठराशे मीटरची चूक साचते. असे साधन अर्ध्या तासातच निरुपयोगी ठरावे. या अडचणीतून अभियंत्यांनी काढलेला मार्ग थक्क करणारा आहे. त्यांनी तो कण बुटात बसविला. चालताना प्रत्येक पाऊल जमिनीवर टेकल्यावर निमिषभर पूर्ण स्थिर असते. त्या क्षणी खरा वेग शून्य असतो हे निश्चित. मग यंत्र जो काही वेग दाखवीत असेल तो सगळा चुकीचा. तो पुसायचा आणि मागच्या पावलापर्यंतचा हिशेब दुरुस्त करायचा. चूक पावलागणिक जन्मते आणि पावलागणिक झडते. दिशेची चूक मात्र याने जात नाही; तिच्यासाठी होकायंत्र आणि ओळखीच्या खुणा लागतातच. नैनसिंह मुक्कामाच्या रात्री जे करीत ते हे यंत्र प्रत्येक पावलाला करते, एवढाच फरक.

या सर्व कथेतून आम्हांला एक गोष्ट स्पष्ट दिसते. न चुकणारे साधन कोणालाच घडविता आलेले नाही. एट्झलाउबला नाही, ग्रुबरना नाही, आजच्या अभियंत्यालाही नाही. जी साधने माणसाला घरी परत घेऊन आली, ती ठरलेल्या वेळी थांबून आपली चूक तपासणारी होती. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात साधकाला दुपारी आणि रात्री थांबून आत्मपरीक्षण करावयास सांगितले आहे, आणि एकेका दोषासाठी वहीतील रेघेवर ठिपका देण्याची रीतही घालून दिली आहे. त्यांचे अनुयायी ॲस्ट्रोलेब घेऊन तिबेट ओलांडताना रोज माध्यान्ही का थांबत असतील, हे त्या ठिपक्यांकडे पाहिले की समजते.

आमच्या घरांतील मुले डोंगरात जातात याचा आम्हांला आनंदच आहे. त्यांच्या खिशात यंत्र असावे, पण सोबत कागदी नकाशा आणि साधे होकायंत्रही असावे. स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात शेलस्ट्रॉम बंधूंनी प्रचारात आणलेले, पारदर्शक पट्टीवर बसविलेले होकायंत्र आजही थोड्या पैशांत मिळते आणि त्याला विजेचा घट लागत नाही. शंभर मीटरला आपली किती पावले पडतात हे प्रत्येकाने सपाटीवर एकदा मोजून ठेवावे. प्रत्येक ओळखीच्या खुणेपाशी थांबून आपण जेथे असायला हवे तेथेच आहोत काय हे पाहावे, आणि तसे नसेल तर मागे फिरण्यात कमीपणा मानू नये. पावसाळ्यातल्या धुक्यात अनेकांचे प्राण गेले ते वाट चुकली म्हणून कमी आणि चुकलेल्या वाटेवर हट्टाने पुढे गेले म्हणून अधिक. मुले घरातून निघताना वडीलधाऱ्यांनी शिदोरीबरोबर एवढी गोष्ट त्यांच्या कानी घातली, तर ती त्यांना कोणत्याही यंत्रापेक्षा कमी उपयोगी पडणार नाही.